समुद्राला लोखंड पाजावे काय?

‘आपला प्रत्येक दुसरा श्वास समुद्राकडून येतो’ हे वाक्य अलीकडे फार ऐकू येते. ८ जूनच्या जागतिक महासागर दिनाच्या भाषणांत ते असते, शाळांच्या भित्तिपत्रकांवर असते, आणि समुद्राकडून कार्बन शोषून घेऊन त्याची क्रेडिट्स विकू पाहणाऱ्यांच्या तोंडीही ते असते. वाक्य कानाला गोड आहे. पण ज्या अर्थाने ते वापरले जाते त्या अर्थाने ते खरे नाही, आणि त्याच्या आधाराने पुढे जे गळी उतरवले जाते ते तर धोक्याचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून या वाक्याची थोडी झाडाझडती घेतली पाहिजे.

हा श्वास देणारे म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते वनस्पतिप्लवक. समुद्राच्या वरच्या, ऊन पोहोचते अशा शंभर-दीडशे मीटरच्या थरात पाण्याबरोबर वाहत राहणारे हे एकपेशीय जीव. त्यांना मुळे नाहीत, खोड नाही, पाने नाहीत. पण पानांत असते ते हरितद्रव्य आहे, आणि प्रकाशसंश्लेषणाची विद्या आहे. ‘प्लँक्टन’ हा शब्द व्हिक्टर हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७ मध्ये रूढ केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भटकणारा. यांत नाना जाती आहेत. डायाटम म्हणजे करंडक वनस्पती. त्यांचे कवच काचेचे, म्हणजे सिलिकाचे, आणि खरोखरच झाकणाच्या करंड्यासारखे दोन भागांचे. कोकोलिथोफोर नावाचे दुसरे, अंगावर चुन्याच्या चकत्या वागवणारे. आणि प्रोक्लोरोकॉकस नावाचा तिसरा इतका लहान, की एका मिलिमीटरमध्ये असे दीड हजारांवर सहज ओळीने बसावेत. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवांत संख्येने हाच सर्वांत मोठा, आणि तरीही १९८०च्या दशकापर्यंत तो आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. चंद्रावर माणूस जाऊन आल्यानंतरची ही गोष्ट आहे.

या सगळ्यांचे एकत्र वजन कार्बनच्या हिशेबात जेमतेम एक अब्ज टन भरते. पृथ्वीवरच्या एकूण वनस्पतींच्या ते एक टक्काही नाही. पण हेच मूठभर जीव वर्षाला सुमारे ५० अब्ज टन कार्बन आपल्या शरीरात बांधतात, म्हणजे जमिनीवरची सारी जंगले, कुरणे आणि शेते मिळून जेवढा बांधतात जवळजवळ तेवढाच. हे जमते कसे? आयुष्याच्या तोकडेपणामुळे. सागाचे झाड पन्नास-साठ वर्षे कार्बन खोडात धरून बसते. प्लवकाचा जन्म, वाढ, विभाजन आणि मरण हा सगळा कारभार काही दिवसांत उरकतो. समुद्रातला प्लवकांचा सगळा साठा साधारण आठवड्याभरात नवा होतो.

इथेच त्या गोड वाक्याची गफलत आहे. ५० अब्ज टन ही उलाढाल आहे, शिल्लक नव्हे. किराणा दुकानदाराच्या गल्ल्यात दिवसभरात किती पैसे आले यावरून त्याने किती मागे टाकले हे कळत नाही. प्लवकांनी दिवसा जो ऑक्सिजन सोडला तो रात्री ते स्वतः, त्यांना खाणारे प्राणिप्लवक, मासे आणि उरलेसुरले कुजवणारे जीवाणू वापरून टाकतात, आणि बांधलेला कार्बन पुन्हा कार्बन डायॉक्साइड होऊन पाण्यात जातो. समुद्राबाहेर, तुमच्या-माझ्या नाकापर्यंत यायला वर्षाच्या हिशेबात जवळजवळ काही उरत नाही. हवेतला २१ टक्के ऑक्सिजन हा कोट्यवधी वर्षांत, थेंबे थेंबे साचलेला साठा आहे. आज सकाळी समुद्रात तयार झालेला माल नाही.

मग प्लवकांचा उपयोग काय? उपयोग प्रचंड आहे, पण तो त्या ५० अब्जांत नाही. त्यातून खाली निसटणाऱ्या थोड्याशा भागात आहे. मेलेले डायाटम एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात, प्राणिप्लवकांच्या बारीक लेंड्या पडतात, आणि हा सगळा कचरा हिमवर्षावासारखा अखंड खाली जात राहतो. उजेडाच्या थरातून खाली निसटणारा हा कार्बन वर्षाला ५ ते १२ अब्ज टन असावा असे अंदाज आहेत. त्यातलाही बराचसा वाटेतच कोणीतरी खातो. कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंगच्या सागरी प्रयोगशाळेतले जॉन मार्टिन यांनी १९८०च्या दशकात पॅसिफिकमध्ये निरनिराळ्या खोलीवर सापळे टांगून हे मोजले, आणि खोलीबरोबर हा वर्षाव किती झपाट्याने विरळ होतो याचे सूत्र दिले. तळापर्यंत पोहोचतो तो वर बांधलेल्या कार्बनचा एक टक्काही नसतो. पण जो हजार मीटरच्या खाली गेला, तो तिथे कुजला तरी ते पाणी पुन्हा वर यायला शतके लागतात. याला शास्त्रज्ञ जैविक पंप म्हणतात. हा पंप उद्या बंद पडला, तर हवेतील कार्बन डायॉक्साइड कालांतराने दशलक्ष भागांत दीडशे-दोनशे भागांनी वाढेल असे गणित आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हे प्रमाण २८० होते आणि आज ते ४२०च्या वर गेले आहे, एवढे सांगितले म्हणजे दीडशे-दोनशेचा अर्थ लक्षात यावा.

आता मुख्य मुद्दा. माणूस कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांतून वर्षाला सुमारे १० अब्ज टन कार्बन हवेत सोडतो, जंगलतोडीचा वेगळा. या सगळ्यातला जवळपास चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. हे उपकार कोणाचे? बहुतेक लोक प्लवकांचे म्हणतील, आणि बहुतेक लेखांत तसेच लिहिलेले असते. पण खरे पाहता हे काम मुख्यतः साध्या रसायनशास्त्राचे आहे. सोड्याच्या बाटलीत दाबाखाली वायू भरला की तो पाण्यात विरघळतो. हवेत कार्बन डायॉक्साइडचा दाब वाढला की तो समुद्राच्या पाण्यातही जास्त विरघळतो, आणि ध्रुवांकडचे थंड, जड पाणी तो घेऊन खोल बुडी मारते. प्लवकांचा पंप औद्योगिक क्रांतीच्या आधीही चालू होता, आताही चालू आहे. आपण जास्त कार्बन सोडला म्हणून तो जास्त जोराने चालत नाही. कारण समुद्रात कार्बनची टंचाई कधीच नव्हती. हवेत आहे त्याच्या पन्नासपट कार्बन समुद्रात आहे. प्लवकांना टंचाई असते ती नत्राची, स्फुरदाची, काही ठिकाणी लोहाची आणि ध्रुवांकडे उन्हाची. ज्याच्या पानात भात भरपूर आहे पण वरण नाही, त्याला आणखी भात वाढून तो जास्त जेवत नाही.

(जाता जाता एक विसंगती सांगतो. कोकोलिथोफोर जेव्हा चुन्याची कवचे बनवतात, तेव्हा त्या प्रक्रियेत पाण्यात कार्बन डायॉक्साइड मोकळा होतो. म्हणजे कार्बन असलेले कवच तळाशी गेले म्हणून सरसकट टाळ्या वाजवण्यात अर्थ नाही.)

हा भेद कोणाला शब्दच्छल वाटेल. पण त्यावर आता पैसे लागलेले आहेत. ‘प्लवक कार्बन खातात, तर प्लवक वाढवा म्हणजे कार्बन कमी होईल’ हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड दिसतो, आणि त्याचा उगम पुन्हा जॉन मार्टिन यांच्याकडेच जातो.

दक्षिण महासागरात, अंटार्क्टिकाच्या भोवती, नत्र आणि स्फुरद मुबलक असूनही प्लवक फारसे वाढत नाहीत, हे कोडे जुने होते. मार्टिन यांचे म्हणणे असे की, तिथे लोह नाही. लोह समुद्रात येते ते बरेचसे वाळवंटातल्या धुळीबरोबर, आणि दक्षिण महासागर धुळीपासून फार लांब. ध्रुवावरच्या बर्फाच्या जुन्या थरांत हिमयुगाच्या काळी धूळ जास्त आणि कार्बन डायॉक्साइड कमी आढळतो, ही साक्षही त्यांनी जोडली. १९८८ मध्ये वुड्स होल येथील व्याख्यानात, अर्धे जहाज लोखंड द्या, मी हिमयुग आणून दाखवतो, अशा अर्थाचे विधान त्यांनी केले. ते थट्टेत होते, पण जगाने ते गंभीरपणे घेतले. आपल्याकडच्या शेतकऱ्याला यात नवे काही वाटणार नाही. लोहाअभावी उसावर केवडा पडला, पाने पिवळी-पांढरी पडली, की तोही हिराकस फवारतो. समुद्रात ओततात ते हेच हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट.

आपल्या सिद्धान्ताची खुल्या समुद्रातील परीक्षा पाहायला मार्टिन राहिले नाहीत. ते १९९३च्या जूनमध्ये वारले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गॅलापागोस बेटांजवळ पहिला प्रयोग झाला. तेव्हापासून २००९ पर्यंत निरनिराळ्या समुद्रांत असे तेरा प्रयोग झाले. लोह टाकले की पाणी हिरवे होते, हे जवळजवळ प्रत्येक वेळी दिसले. तेवढ्यापुरते मार्टिन बरोबर ठरले. पण ते हिरवे पुढे जाते कुठे, या प्रश्नाचे उत्तर मात्र दर वेळी वेगळे आले. २००४ मधील ‘आयफेक्स’ प्रयोगात डायाटमचा मोठा बहर आला आणि त्यातला निदान निम्मा भाग हजार मीटरच्या खाली गेला. २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये ते प्रसिद्ध झाले तेव्हा लोहवाद्यांना हर्ष झाला. परंतु त्याआधीच आणखी एक प्रयोग झाला होता, आणि त्यात आपला हात होता. त्याची आठवण महाराष्ट्र-गोव्यात तरी ठेवली जायला हवी.

हा प्रयोग म्हणजे ‘लोहाफेक्स’. यातला ‘लोह’ आपला. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी तो मिळून केला. नेतृत्व गोव्याच्या संस्थेचे वाजिह नक्वी आणि जर्मन संस्थेचे, पण भारतातच वाढलेले, व्हिक्टर स्मेटाचेक यांचे. ७ जानेवारी २००९ रोजी ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन जहाज केप टाऊनहून निघाले तेव्हा त्यावरच्या शास्त्रज्ञांत निम्म्याहून जास्त भारतीय होते. जहाज समुद्रात शिरले आणि किनाऱ्यावर गहजब झाला. आदल्याच वर्षी जैवविविधता कराराच्या देशांनी बॉन येथे अशा प्रयोगांना आळा घालणारा निर्णय घेतला होता. त्याचा भंग होतो आहे, समुद्रात प्रदूषण होते आहे, असे पर्यावरणवादी संघटनांचे म्हणणे होते. जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयानेही प्रयोग थांबवण्याची मागणी केली. पुन्हा तज्ज्ञांची मते मागवली गेली, आणि २६ जानेवारीला, म्हणजे आपल्या प्रजासत्ताकदिनी, जर्मन संशोधन मंत्रालयाने हिरवा कंदील दाखवला. तोपर्यंत जहाज लोह पोटात घेऊन ताटकळत होते.

दक्षिण अटलांटिकमधल्या एका भोवऱ्याच्या पोटात, सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात, त्यांनी दोन वेळा प्रत्येकी दोन टन लोह सोडले आणि ३९ दिवस त्या पाण्याचा पाठलाग केला. हरितद्रव्य दुप्पट झाले. पण बहर पुढे वाढेना. कारण त्या पाण्यात सिलिका इतकी कमी होती, की काचेचे करंडे बनवायला डायाटमना कच्चा मालच नव्हता. वाढले ते बिनकवचाचे बारीक प्लवक. आणि ते कोपेपॉड नावाच्या, कोळंबीच्या दूरच्या भाऊबंदांनी फस्त केले. कोपेपॉडना अँफिपॉड नावाचे त्यांच्याहून मोठे जीव खाऊ लागले. अन्नसाखळी खूष झाली, पण कार्बन फारसा खाली गेला नाही. दक्षिण महासागराचा उत्तरेकडचा मोठा भाग असाच सिलिकावाचून आहे. म्हणजे तिथे जहाजेच्या जहाजे हिराकस ओतले तरी कार्बनच्या दृष्टीने ते पाण्यात गेले.

माझ्या मते हा आपल्या शास्त्रज्ञांनी केलेल्या उत्तम कामांपैकी एक प्रयोग आहे. ‘नाही’ हे उत्तर मिळाले म्हणून तो फसला असे तेव्हा काही वृत्तपत्रांनी छापले. ते चूक होते. औषध चालत नाही हे कळणे हाही वैद्यकात निकालच असतो. आणि विरोध करणाऱ्यांबद्दलही एक सांगितले पाहिजे. सगळे काही उघड, मोजून-मापून आणि निष्कर्ष प्रसिद्ध करण्याच्या बोलीवर करणाऱ्या दोन सरकारी संस्थांच्या मागे ते हात धुऊन लागले. आणि तीनच वर्षांनी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, हैदा ग्वाई बेटांपलीकडे, एका खासगी कंपनीने सुमारे १०० टन लोहयुक्त माल समुद्रात ओतला, तेव्हा तो ओतून झाल्यावर जगाला पत्ता लागला. या उद्योगामागे रस जॉर्ज हा अमेरिकी उद्योजक होता. बेटावरच्या हैदा आदिवासींच्या एका गावाने त्यासाठी पैसे घातले होते, सामन मासे वाढतील आणि कार्बन क्रेडिट्सही विकता येतील या आशेने. त्या गावकऱ्यांना मी दोष देणार नाही. ज्यांचा मासा रोडावला आहे त्यांना आशा विकणे सोपे असते. त्यानंतर २०१३ मध्ये समुद्रात टाकाऊ माल टाकण्यासंबंधीच्या लंडन करारनाम्यात दुरुस्ती मंजूर झाली आणि खरेखुरे संशोधन वगळता लोह टाकण्यास मनाई करण्याचे ठरले. लोहाफेक्सनंतर तेवढ्या आकाराचा वैज्ञानिक प्रयोग मात्र झालेला नाही.

समजा, कोणी म्हणाले की आम्ही सिलिका असलेल्या जागाच निवडू. तरीही विक्रीला काढलेल्या मालाचे वजन कसे करणार? आज इथे हिरवे झालेले पाणी उद्या शंभर किलोमीटरवर असते. किती खाली गेले हे मोजायचे तर महिनोन् महिने सापळे आणि उपकरणे लागतात, आणि ते किती वर्षे खाली राहील हे त्या पाण्याच्या प्रवाहावर अवलंबून. त्याहून मोठी अडचण चोरीची आहे. दक्षिण महासागरात न वापरले गेलेले नत्र-स्फुरद पाण्याबरोबर खोलातून उत्तरेकडे येते आणि उष्ण कटिबंधातल्या समुद्रांना पोसते. ते तिथेच संपवले, तर पुढच्या पिढ्यांत इकडचे प्लवक आणि इकडचा मासा कमी होईल. एकाच्या शेतात पाट फोडून पिकलेला गहू दाखवायचा आणि खालच्या शेतकऱ्याचे वाळलेले शेत हिशेबात धरायचे नाही, असा हा प्रकार. आणि एवढे करून मिळणार किती? अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०२१च्या अखेरीस दिलेल्या अहवालात या मार्गाने वर्षाला ०.१ ते १ अब्ज टन कार्बन डायॉक्साइड काढता येण्याची शक्यता वर्तवली आहे. इंधनांतून आपण सोडतो तो सुमारे ३७ अब्ज टन. (मघाचे १० अब्ज टन हे नुसत्या कार्बनचे वजन होते, ऑक्सिजनसकट धरले की ते ३७ होते. माहितीपत्रके वाचताना कोणता टन मोजला आहे हे आधी पाहावे.)

आता आपल्या दारातल्या समुद्राकडे येऊ. अरबी समुद्र हा जगातल्या हिरव्यागार समुद्रांपैकी एक. पावसाळ्यात सोमालिया, ओमान आणि आपल्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ खालचे पोषक पाणी वर येते. हिवाळ्यात ईशान्येकडचे थंड कोरडे वारे उत्तरेचे पाणी गार करतात, ते जड होऊन ढवळले जाते आणि पुन्हा बहर येतो. वर्षातून दोनदा पिकणारी ही जमीन. असा समुद्र कार्बन खूप ओढत असेल असे कोणालाही वाटेल. १९९०च्या दशकात गोव्याच्या संस्थेने आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग म्हणून ऋतूऋतूंत सफरी काढून मोजमाप केले, तेव्हा उलटेच निघाले. वर्षभराच्या हिशेबात अरबी समुद्र हवेला कार्बन डायॉक्साइड देतो. जे पाणी पोषक द्रव्ये घेऊन वर येते तेच खालचा साठलेला कार्बनही घेऊन येते, आणि प्लवकांना तो सगळा पुरता वापरता येत नाही. पाणी हिरवे आहे, उलाढाल दांडगी आहे आणि शिल्लक उणे आहे. ‘प्लवक वाढवा, कार्बन घटवा’ म्हणणाऱ्यांनी एकदा हा जमाखर्च वाचावा.

याच समुद्राच्या पोटात, सुमारे दीडशे ते हजार मीटर खोलीवर, ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या पाण्याचा जगातला एक मोठा थर आहे. वरून जेवढा सेंद्रिय कचरा जास्त पडेल तेवढा तो कुजताना उरलासुरला ऑक्सिजन संपतो. मग जीवाणू नायट्रेटवर गुजराण करतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड निघतो, जो टनाला टन धरला तर कार्बन डायॉक्साइडच्या अडीचशेपटींहून जास्त उष्णता धरतो. म्हणजे इथे कृत्रिम बहर आणणे हे उजव्या खिशातून पैसे वाचवून डाव्या खिशाला भोक पाडण्यासारखे होईल. २००० साली नक्वी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की पावसाळ्याच्या अखेरीस हे प्राणवायुहीन पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागातही चढते, आणि तेथून विक्रमी प्रमाणात नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. असे पाणी चढले की तळचा मासा पळतो, कोळंबी पळते.

शिवाय प्लवकांची जात बदलते आहे. गेली दोन दशके उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात डायाटमच्या जागी नॉक्टिलुका नावाचा जीव माजतो. हा आकाराने मोठा, पोटात हिरवे शैवाल बाळगणारा, आणि डायाटमनाही खाणारा. मूळचे गोव्याचे आणि आता न्यूयॉर्कला असलेले होआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स यांनी यावर वर्षानुवर्षे काम केले आहे. कमी ऑक्सिजनच्या पाण्यात तो अधिक तगतो असे त्यांनी २०१४ मध्ये मांडले. रात्री लाटांवर निळा प्रकाश दिसतो तो बहुधा याचाच. गेल्या काही वर्षांत कोकणात, जुहूला लोक तो पाहायला गर्दी करतात, त्याची छायाचित्रे छापून येतात. ते सुंदर आहे यात शंका नाही. पण नॉक्टिलुकाला खाणारे थोडेच, जेलीफिश आणि साल्प यांसारखे. तारली त्याच्यावर पोसत नाही. तारलीला डायाटम लागतात. दुसरीकडे, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अनुमान मांडले, की सहा दशकांत पश्चिम हिंदी महासागरातले प्लवक काही भागांत २० टक्क्यांपर्यंत घटले असावेत. कारण पृष्ठभाग तापला की वरचे हलके पाणी खालच्या जड पाण्यावर झाकणासारखे बसते आणि खालचे खत वर येत नाही. म्हणजे जो पंप आपण फुकट वापरत आलो तो आपल्याच कर्माने मंदावण्याची शक्यता आहे, आणि चर्चा मात्र त्याला टॉनिक पाजण्याची चालली आहे.

भारत सरकारने जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली. बाजार उभा राहिला की माल घेऊन येणारे येतातच. उद्या आपल्या सागरी हद्दीत, किंवा आपल्या नावाने दुसऱ्या समुद्रात, प्लवकांचा बहर आणून त्याची क्रेडिट्स विकण्याचा प्रस्ताव कोणी आणला, तर त्याला आजच्या ज्ञानावर एकही क्रेडिट देता कामा नये, असे मला वाटते. संशोधनाला विरोध नको. लोहाफेक्ससारखे आणखी प्रयोग सरकारी पैशाने, खुल्या आकडेवारीने व्हावेत. फक्त प्रयोग करणाऱ्याने विकू नये आणि विकणाऱ्याने प्रयोग करू नये.

पण त्याहून आधीची गरज आहे ती मोजत राहण्याची. हवाईजवळ आणि बर्म्युडाजवळ १९८८ पासून ठरलेल्या ठिकाणी जाऊन दर महिन्याच्या सुमारास पाणी तपासले जाते. समुद्राच्या कार्बनविषयी जगाला जे ठाऊक आहे त्यातले पुष्कळसे या दोन ठाण्यांनी दिले. आपल्याकडेही गोव्याच्या संस्थेने १९९७ मध्ये कांदोळीसमोर, जेमतेम २८ मीटर पाण्यात, असे ठाणे सुरू केले. १९९९ पासून आपल्या ओशनसॅट मालिकेतले उपग्रह समुद्राचा रंग पाहतात, आणि तो रंग व पाण्याचे तापमान यांवरून हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था मच्छीमारांना मासा कुठे मिळण्याची शक्यता आहे ते कळवते. म्हणजे वनस्पतिप्लवकांच्या नकाशाचा रोज उपयोग करणारा पहिला मराठी माणूस हा प्राध्यापक नसून रत्नागिरी-मालवणचा तांडेल आहे. पण उपग्रह पाण्याची कातडी पाहतो. खाली किती गेले, ऑक्सिजन किती उरला, करंडे किती आणि नॉक्टिलुका किती, हे पाण्यात बाटली सोडल्याशिवाय कळत नाही.

कांदोळीसारख्या ठाण्यांची एक माळ ओख्यापासून कोचीपर्यंत असावी अशी माझी मागणी आहे. डहाणू, रत्नागिरी, मालवण इथली ठाणी तिथल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र विभागांकडे द्यावीत, होडी स्थानिक मच्छीमार सोसायटीची भाड्याने घ्यावी, आणि आकडे त्याच महिन्यात सर्वांना खुले करावेत. त्यासाठी ‘पोलारस्टर्न’ लागत नाही. प्लवकांचे जाळे, पाण्याच्या बाटल्या, एक सूक्ष्मदर्शक, ऑक्सिजन मोजण्याची रसायने, आणि पुढच्या महिन्यात त्याच जागी पुन्हा जाणारी दोन माणसे लागतात. त्यांचा पगार मात्र तीन वर्षांच्या प्रकल्पावर टांगलेला नसावा, तीस वर्षांचा असावा.